घोडा, कुत्रा आणि लुळा चाप

रायफल आडवी धरून तिचं तोंड जरा खाली झुकवलं, की आतून ‘टिक्’. वर उचललं, पुन्हा ‘टिक्’. घोडा उतरलेला आहे, आत काडतूस नाही, कुणी बोटही लावलेलं नाही, तरी चाप आपला लंबकासारखा पुढे-मागे डुलतोय. अमेरिकेत वापरलेली लीव्हर-ॲक्शन रायफल विकत घेणाऱ्याची धडधड इथेच सुरू होते. दुकानाच्या गलक्यात हे ऐकू आलेलं नसतं. घरी आणून टेबलावर ठेवताना तो आवाज होतो आणि माणसाला वाटतं, फसलो.

तिथल्या शिकाऱ्यांच्या तोंडी याला ‘ट्रिगर फ्लॉप’ असं नाव आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये एकच शब्द पुरतो : प्ले. बेअरिंगला प्ले आलाय, स्टिअरिंगला प्ले आहे, चाकात प्ले वाटतोय. माझं उभं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे प्ले दिसला की हात शिवशिवतात. तो काढून टाकल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. या चापाच्या बाबतीत मात्र हीच सवय माणसाला खड्ड्यात घालू शकते. इथे सैल काय आहे, आणि ते मुळातच सैल ठेवलं होतं की झिजून सैल झालं, याचा निकाल लागेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत आपण ‘घोडा दाबला’ असं सर्रास म्हणतो आणि मनात चित्र असतं बोटाने ओढायच्या भागाचं. पण बोट ठेवतो तो चाप. घोडा म्हणजे मागच्या बाजूला दिसणारा, अंगठ्याने चढवायचा हातोडा. ठासणीच्या बंदुकीपासून घोडा ‘चढवतात’ आणि चाप ‘ओढतात’. रहस्यकथांनी दोघांची अदलाबदल करून टाकली. एरवी तिने काही बिघडत नाही, पण या प्रकरणात बिघडेल. म्हणून इथून पुढे घोडा तो घोडा आणि चाप तो चाप.

लीव्हर-ॲक्शन म्हणजे सिनेमातल्या काउबॉयची रायफल. चापाभोवतीचं लोखंडी कडं हाच तिचा लीव्हर. तो खाली-पुढे ढकलला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे येतो, रिकामं टरफल बाहेर उडतं आणि जाता जाता बोल्ट घोडाही चढवून ठेवतो. लीव्हर परत वर ओढला की नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन हे सगळं एका हाताने, रायफल गरगर फिरवून करतो. (हॉलिवूडने १८९२ ची रायफल तिच्या जन्माआधीच्या काळातल्या कथांमध्येही बिनदिक्कत वापरली. आपल्या पौराणिक सिनेमांतल्या घड्याळांवर हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.)

कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन हे या रायफलींचं माहेर. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये इथेच सोळा काडतुसं मावणाऱ्या रायफलीचं पेटंट घेतलं. त्याच कारखान्याचं पुढे विंचेस्टर झालं, १८७३ चं प्रसिद्ध मॉडेल आलं आणि मग जॉन ब्राउनिंगने रचलेलं १८९४ चं मॉडेल. ते सत्तर लाखांहून जास्त बनलं. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती. त्याच गावात जॉन मार्लिन यांचा दुसरा कारखाना होता. ल्युइस हेपबर्न या त्यांच्या कारागिराने १८८९ पासून एकेक मॉडेल रचलं. त्या वंशातलं ३३६ नावाचं मॉडेल १९४८ मध्ये आलं आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेच्या जंगलात हरणामागे हिंडत राहिलं. लुळ्या चापाची चर्चा निघाली की नाव बहुधा याच घराण्याचं निघतं. तिथे हा कारागिरीतला ढिसाळपणा नाही. रचनाच तशी आहे.

ती रचना समजायला सायकलच्या दुकानात जाऊ. फ्रीव्हील उघडलं की आत दोन छोटे पोलादी तुकडे दिसतात. बारीक तारेची स्प्रिंग त्यांना बाहेर दाबते आणि ते दात्यांत अडकतात. सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. एका बाजूला चाक फिरलं तर कुत्रा दबून जाऊ देतो आणि उलट बाजूला धरून ठेवतो. रायफलीतही असा एक कुत्रा आहे, बंदूकवाले त्याला सिअर म्हणतात. चढवलेल्या घोड्याच्या बुडाशी एक खाच असते. कुत्र्याचं टोक त्या खाचेत रुततं आणि मागे ताणलेली मोठी स्प्रिंग घोड्याला पुढे ढकलत असतानाही त्याला तिथेच धरून ठेवतं. दोन पोलादी कडांची ही पकड मिलिमीटरभरही नसते. रायफल सुटायची की नाही ते तिच्यावर ठरतं.

आता चाप कुठे येतो? विंचेस्टरच्या १८९२ च्या मॉडेलमध्ये चापाचं वरचं टोक हाच कुत्रा आहे. एकच तुकडा, त्याला स्प्रिंगचा रेटा, म्हणून तो डुलत नाही. मार्लिनच्या रचनेत चाप आणि कुत्रा हे दोन वेगळे तुकडे एकाच पिनेवर ओवलेले आहेत. स्प्रिंग कुत्र्याला आहे, कारण धरून ठेवायचं काम त्याचं. चाप हा नुसता निरोप्या. बोटाने ओढलं की तो थोडा रिकामा फिरतो, कुत्र्याला टेकतो आणि मग त्याला खाचेबाहेर ढकलतो. बोट नसेल तेव्हा त्याला पुढे किंवा मागे धरून ठेवणारं कुणीच नाही. म्हणून तो लोंबतो, आणि रायफल झुकली की टिक् करतो.

दोन तुकडे करायचा खटाटोप कशासाठी, तर तिसऱ्या एका तुकड्यासाठी. लीव्हर चालवताना हाताची बोटं त्या कड्यात असतात. घाईत लीव्हर वर ओढताना पहिलं बोट चापाला लागणं अगदी शक्य आहे. त्या क्षणी बोल्ट पुरता बंद झालेला नसेल आणि घोडा सुटला, तर काडतूस उघड्या दारात फुटल्यासारखं होईल. म्हणून चापाच्या वाटेत एक छोटा अडसर बसवलेला असतो. लीव्हर पूर्ण मिटला की लीव्हरचाच एक भाग त्या अडसराला दाबून बाजूला करतो आणि मगच चाप कुत्र्यापर्यंत पोचतो. एवढ्यावरही विश्वास न ठेवता घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत नेणाऱ्या फायरिंग पिनचेही दोन तुकडे केलेत. बोल्टला कुलूप घालणारा ठोकळा वर येऊन बसेपर्यंत मागचा तुकडा तिरका राहतो, त्यामुळे घोडा आपटला तरी ठोका पुढे जात नाही. १९८० च्या दशकात घोडा अडवणारं आडवं बटण आलं ते याच्याही वर. सावधपणाचे इतके थर असलेल्या यंत्रात एक तुकडा लोंबता राहिला, तर तो चुकून राहिलेला नाही एवढं तरी मान्य करावं लागतं.

आणि चाप आणि कुत्रा यांच्यामधली ती रिकामी जागा? ती तर हवीच. हे मला बंदुकीने नाही, बजाजच्या चेतकने शिकवलं. नवी स्कूटर घेतली तेव्हा क्लचचा लीव्हर सुरुवातीला थोडा रिकामा हलायचा. मला ते खपेना. केबल ताणून मी तो प्ले पार काढून टाकला. लीव्हर कसा ताठ झाला! आठवड्याभरात चढावर स्कूटर नुसती बोंबलू लागली, पुढे सरकेना. गावातला मेकॅनिक हसला. केबल सतत ताणलेली, म्हणजे क्लचच्या प्लेटा कधीच पुरत्या आवळल्या जात नव्हत्या, घसरत होत्या. त्याने दोन आटे सैल केले, लीव्हर पुन्हा लुळा झाला आणि स्कूटर चढ चढली. लीव्हरची रिकामी चाल हा प्लेटांना पूर्ण मिटू देणारा अवकाश होता.

चापाचं नेमकं तेच आहे. चाप सतत कुत्र्याला टेकून राहिला, तर कुत्रा खाचेत तळापर्यंत रुतेलच याची खात्री नाही. केसभर वर उचललेला राहील. फरक इतकाच की क्लच घसरला तर स्कूटर थांबते आणि कुत्रा घसरला तर गोळी सुटते.

एनसीसीत रायफल चालवलेल्या वाचकांना इथे ‘पहिला दाब’ आठवेल. थ्री-नॉट-थ्रीच्या चापाला दोन टप्पे असतात. पहिला हलका आणि लांब, मग बोटाला भिंत लागते, मग दुसरा जड आणि छोटा. चापाच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात आणि ते एकामागून एक टेकतात, त्याची ही करामत. पण त्या पहिल्या टप्प्यात बोटाला स्प्रिंगचा विरोध जाणवतो आणि कुत्रा खरोखर हलत असतो. लुळ्या चापाच्या रिकाम्या चालीत विरोध शून्य असतो आणि कुत्रा जागचा हलत नाही. दोन्ही वेळा बोट सारखंच सरकतं, म्हणून नवखा माणूस दोन्हींना एकाच माळेत ओवतो. आणखी एक तिसरा प्रकार असतो : बोटाला भिंत लागल्यानंतर चाप खरखरत, अडखळत पुढे सरकणं. तो खाचेच्या खडबडीत पृष्ठाचा दोष. त्याचा या टिक्-टिक्शी काही संबंध नाही.

हे सगळं कागदावर मला ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिलं ते पेनसिल्व्हेनियात, भाच्याच्या सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये. सासरे अमेरिकन, निवृत्त मशिनिस्ट. म्हणजे भाषा वेगळी, जात एक. त्यांच्या वडिलांची जुनी लीव्हर-ॲक्शन त्यांनी जावयाला दिली होती आणि जावई त्या डुलत्या चापाने हैराण झाला होता. “मामा, तुम्ही टूलरूमवाले, तुम्हीच सांगा हे रिपेअर कसं करायचं,” असं म्हणत तो मला तिथे घेऊन गेला. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाने, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद सोडला तर, हत्यार जवळ बाळगणं तिथल्या कायद्याला चालत नाही. त्यामुळे मी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो, आंतरपाटामागच्या नवरदेवासारखा. काम सासऱ्यांनी केलं.

पहिली दहा मिनिटं त्यांनी चापाकडे पाहिलंही नाही. नळीखालच्या मॅगझिनच्या लांब नळीत एखादं काडतूस मागे राहून जातं आणि लीव्हर एकदा जास्त चालवला की ते गुपचूप वर येतं. म्हणून त्यांनी लीव्हर पाच-सहा वेळा चालवला, मग उघडा ठेवून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि शेवटी करंगळी घालून चाचपलं. डोळ्यांवर विश्वास असूनही करंगळी घातली, हे मला फार आवडलं. काडतुसांचा डबा त्यांनी गॅरेजमधूनच बाहेर नेऊन ठेवला.

मग त्यांनी दस्ता धरून पिळला. लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यातून कुरकुर ऐकू आली. त्यांनी भाच्याकडे पाहून भुवई उंचावली. कारण सांगतो. या प्रकारच्या रायफलीत घोडा वरच्या चौकटीत बसवलेला असतो, पण चाप आणि कुत्रा असतात खालच्या वेगळ्या पट्टीवर. दस्त्याच्या मानेतून वरून खाली जाणारा एक लांब स्क्रू आणि पट्टीचे आणखी एक-दोन स्क्रू ही दोन घरं एकमेकांना बांधून ठेवतात. हिवाळ्यात घरं तापवून कोरड्या ठेवलेल्या हवेत लाकूड आकसतं, स्क्रू ढिले पडतात आणि पट्टी केसभर खाली उतरते. म्हणजे कुत्रा घोड्यापासून केसभर लांब जातो. मिलिमीटरच्या आतल्या पकडीत एक केस म्हणजे फार झालं. इतकं साधं कारण असू शकतं आणि लोक मात्र थेट नवा चाप मागवतात.

स्क्रू आवळायलाही त्यांनी हाताला येईल तो स्क्रू-ड्रायव्हर घेतला नाही. आपला नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर पाचरीसारखा निमुळता असतो. तो जोर लावला की खाचेतून वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं चावून ठेवतो. बंदुकीच्या स्क्रूंसाठी पात्याच्या दोन्ही बाजू समांतर, खाचेत तळापर्यंत घट्ट बसणाऱ्या लागतात. त्यांनी एक पातं दगडावर घासून त्या स्क्रूपुरतं बेतून घेतलं होतं. चावलेली स्क्रूडोकी दिसली की ती रायफल आधी कुणी अडाण्याने उघडली होती हे समजावं आणि आत काय केलं असेल याची भीती बाळगावी. पाव-पाव फेरा देत तिन्ही स्क्रू आवळल्यावर दस्त्याची कुरकुर गेली.

आता चाप. अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी तो आधी डावी-उजवीकडे हलवला, मग पुढे-मागे. हा फरक महत्त्वाचा. पुढे-मागे डुलणं हा रचनेचा भाग. बाजूंना हेलकावणं म्हणजे पिन किंवा तिचं भोक यांच्यात झीज, नाहीतर चापाच्या दोन्ही अंगांना जागा जास्त. भोक गोल राहिलंय की अंडाकृती झालंय, हे पिन काढल्याशिवाय नक्की कळत नाही, पण अंदाज बोटांना येतो. इथे बाजूचा हेलकावा होता तो स्क्रू आवळल्यावर निम्म्याने कमी झाला होता. उरला तो माझ्या हिशेबाने नगण्य.

नंतरच्या चाचण्या चापाच्या नव्हत्याच, कुत्र्याच्या होत्या, आणि खरी तपासणी तीच. त्यांनी घोडा पूर्ण चढवला, चापापासून बोट लांब ठेवलं आणि अंगठ्याने घोड्याला मागून पुढे चांगला दाब दिला. घोडा हलला नाही. तो पडला असता, किंवा कुत्रा खाचेतून सरकताना अंगठ्याला जाणवला असता, तर काम तिथेच थांबवून रायफल थेट गनस्मिथकडे. मग घोडा अर्धा चढवून, म्हणजे सुरक्षिततेच्या पहिल्या खाचेत ठेवून, त्यांनी चाप ओढला. सुटला नाही. या खाचेत चाप ओढून घोडा सुटत असेल तर खाचेची कड तुटलेली असते किंवा कुत्र्याचं टोक झडलेलं. मग चढलेल्या घोड्यासह रायफलीचा दस्ता रबरी चटईवर हलकेच आपटला. घोडा जागचा ढळला नाही. लीव्हर बोटभर उघडा ठेवून चाप ओढला, तर तो अडला. म्हणजे अडसर शाबूत. लीव्हर पुरता मिटवला, चाप ओढला, आणि या वेळी अंगठ्याने घोडा सावकाश उतरवून घेतला.

लीव्हरची ही चाचणी उलट बाजूनेही उपयोगी पडते. कधी कधी चाप सैल तर असतोच, वर ओढूनही काही होत नाही, मेल्यासारखा लागतो. लोक चाप बदलतात आणि नवाही तसाच वागतो. दोष असतो लीव्हर मिटलेला धरून ठेवणाऱ्या खिट्टीचा. ती झिजली की लीव्हर स्वतःच्या वजनाने जरासा खाली ओघळतो, अडसर पुन्हा वाटेत येतो. हाताने लीव्हर आवळून धरला की चाप शहाण्यासारखा चालू लागतो. १८९४ च्या विंचेस्टरमध्ये तर चापामागे एक छोटी खुंटीच बाहेर दिसते. लीव्हर दस्त्याला आवळला की ती आत दबते आणि तेव्हाच चाप मोकळा होतो.

शेवटी त्यांनी काट्याने चापाचा जोर मोजला. साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलोच्या आसपास. शिकारीच्या जुन्या रायफलीला हा आकडा अगदी साधा आहे. नेमबाजीच्या हलक्या चापाची सवय असलेल्याला तो जड वाटेल, पण थंडीत हातमोजा घालून झाडाला टेकून बसलेल्या माणसाला हलका चाप नको असतो.

निदान झालं : कुत्रा तगडा, खाच शाबूत, स्क्रू ढिले होते ते आवळले, चाप लुळा तो जन्मजात. भाच्याचं समाधान होईना. “मग याला काहीच करायचं नाही का?” करता येतं. त्यावर सासऱ्यांनी जे सांगितलं त्यात माझी थोडी भर घालून लिहितो.

बाजूचा हेलकावा जास्त असेल तर चापाच्या दोन अंगांना पातळ पोलादी शिम घालतात. फीलर गेजने फट मोजायची आणि तिच्यापेक्षा जरा कमी जाडीची शिम घ्यायची. दोन्ही अंगांना सारखी, नाहीतर चाप एका भिंतीला घासत राहतो. शिम घातल्यावर चाप स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे, अडकून राहता कामा नये. पिन झिजली असेल तर नवी पिन. भोक मोठं झालं असेल तर ते रीमरने गोल करून किंचित जाड पिन. हे गनस्मिथचं काम, कारण त्याच पिनेवर कुत्राही बसलेला असतो आणि भोक शतांश मिलिमीटरने तिरपं गेलं तरी खाचेतली पकड एका कडेवर येते.

पुढे-मागे डुलणं थांबवायला सगळ्यात शहाणा उपाय एका बारीक स्प्रिंगचा आहे. पण तिची दिशा लक्षात ठेवायची. ती चापाला पुढे रेटणारी, म्हणजे कुत्र्यापासून लांब नेणारी हवी. मग रिकामी चाल तशीच राहते, फक्त तिला किंचित विरोध मिळतो. आवाज जातो, बोटाला लुळं वाटत नाही आणि कुत्रा पूर्वीसारखाच तळापर्यंत रुततो. काही हौशी लोक नेमकं उलट करतात : चापाच्या मागे पट्टी चिकटवून किंवा डाग देऊन तो कुत्र्याला कायमचा टेकवतात. चाप कसा ताठ, सुबक! माझ्या चेतकच्या क्लचसारखा.

तिसरा मार्ग म्हणजे चाप आणि कुत्रा एकाच तुकड्यात असलेला नवा संच. अमेरिकेत असे संच सुटे मिळतात आणि शौकीन ते आवर्जून बसवतात. डुलायला मुळात दुसरा तुकडाच उरत नाही. चापाचा जोरही कमी होतो. रायफल चालवण्याचा अनुभव याने खरोखर सुधारतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त घेण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारायचा : लीव्हर उघडा असताना चाप अडवणारा अडसर या संचासोबत काम करतो की नाही? आणि बसवल्यावर वरच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून पुन्हा. अंगठ्याचा दाब, अर्धा घोडा, चटईवर आपटणं, सगळं.

आणि एक गोष्ट कुणी कितीही सोपी करून सांगितली तरी करायची नाही : खाच आणि कुत्र्याचं टोक दगडावर घासणं. हे भाग मऊसर पोलादाचे बनवून वरून कडक केलेले असतात. थालीपिठासारखे, वर खरपूस पापुद्रा आणि आत मऊ. तो पापुद्रा मिलिमीटरच्या काही अंशांचाच. खडबडीतपणा घालवायला अगदी बारीक दगडाने नुसतं चमकवणं वेगळं. कोन बदलेपर्यंत घासलं की पापुद्रा संपतो आणि खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. गंमत म्हणजे पहिले काही दिवस चाप लोण्यासारखा चालतो, मालक मित्रांना दाखवत फिरतो. मग मऊ कड गोलावते आणि एके दिवशी अंगठ्याच्या दाबाने घोडा पडतो. टूलरूममध्ये आम्ही नव्या पोरांना सांगायचो की घासलेलं परत चिकटवता येत नाही. तिथे फार तर एक डाय वाया जायची.

आपल्याकडे हे सगळं घरच्या टेबलावर करायचा प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला जसा परवाना लागतो, तसाच ती दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही लागतो. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली. कुणाच्या वाड्यात आजोबांची परवान्याची विंचेस्टर असेलच, तर ती टिक्-टिक् करताच परवानाधारक कारागिराकडे न्यावी आणि त्याला एवढंच विचारावं, “बाबा, चाप सैल आहे की कुत्रा?” प्रश्न ऐकून त्याने खुर्ची पुढे केली तर माणूस जाणकार समजावा.

गॅरेजमध्ये त्या दिवशी बाकी काहीच केलं गेलं नाही. सासऱ्यांनी पिनेवर तेलाचा एक थेंब सोडला, जास्तीचं तेल फडक्याने टिपलं आणि रायफल जावयाच्या हातात दिली. त्याने ती झुकवली. टिक्. पुन्हा झुकवली. टिक्. “अहो, जंगलात हरणाला हा आवाज ऐकू जाईल त्याचं काय?” असं त्याने त्यांना इंग्रजीत विचारलं आणि आशेने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. सासऱ्यांनी त्याला प्रश्न दोनदा विचारायला लावला, मग कानामागचं यंत्र काढून तळहातावर धरलं आणि हसू लागले. या रायफलीने त्यांनी उभ्या आयुष्यात हरणं मारली होती. चाप टिक्-टिक् करतो, हे त्यांना जावयाने सांगेपर्यंत माहीतच नव्हतं.